चाळ सरळ, फोटो वाकडा: हगिन वापरून पॅनोरमातली कमान कशी काढावी

गिरगावातल्या वाडीत चाळीचा फोटो काढायचा म्हटलं की मागे सरकायला जागा नसते. चार पावलं मागे गेलं की समोरच्या चाळीच्या ओट्याला पाठ टेकते. अख्खी गॅलरी एका फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या की जो तो फोन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून एक पॅनोरमा काढून ठेवतो. तो मोठ्या स्क्रीनवर उघडला की दिसतं ते असं: लाकडी कठडे मध्ये वर चढलेले आणि दोन्ही टोकांना खाली उतरलेले, ओटा त्याच्या उलट, मध्ये खचलेला. ओळंब्यात उभी असलेली इमारत फोटोत फुगलेली.

हे दुरुस्त होतं, आणि एक पैसा न मोजता होतं. पण कुठलं बटण दाबायचं हे कमान कशामुळे आली त्यावर ठरतं. बहुतेक नवखे लोक थेट गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडून हाताने खेचाखेच सुरू करतात. एक कठडा सरळ होतो तोवर खालचा वाकतो, आणि तासाभराने खिडक्याही तिरप्या झालेल्या असतात. खेचाखेच सगळ्यात शेवटी करायची, आणि शक्यतो करायचीच नाही.

सामान थोडंच लागतं. लॅपटॉप किंवा पीसी हवा, कारण हगिन फोनवर चालत नाही. हगिन हे सुटे फोटो जोडून पॅनोरमा बनवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी आहे. जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये लिहायला घेतलेल्या 'पॅनोरमा टूल्स' या संचाचं गणित माउसने वापरता यावं, यासाठी ते तयार झालं. सोर्सफोर्जवरच्या त्याच्या अधिकृत पानावरूनच उतरवून घ्या. लिनक्सवाल्यांना ते बहुधा आपल्या सॉफ्टवेअर भांडारातच मिळेल. शेवटच्या किरकोळ कामाला गिंप. तेही फुकट.

आधी कमान कोणती ते ओळखा

पहिली कमान खरी असते. मरीन ड्राइव्ह बॅक बेच्या काठाने वळतच जातो, हॉर्निमन सर्कलच्या इमारती अर्धवर्तुळातच बांधलेल्या आहेत, वांद्रे-वरळी सी लिंकही नाकासमोर जात नाही. यांना सरळ करायला जाऊ नका. हे सांगायची वेळ येते, कारण ग्रिड लावून बसलं की माणसाला दिसेल ती रेषा सरळ करायची हौस येते.

दुसरी कमान क्षितिजाची. वरळी सीफेसवरून समुद्राचा पॅनोरमा काढला आणि समुद्राची रेषा मध्ये डोंगरासारखी वर आली किंवा वाटीसारखी खाली गेली, तर कॅमेरा किंचित वर किंवा खाली रोखलेला होता आणि जोडणीत ती गोष्ट धरलीच गेली नाही. रेषा नागमोडी झाली, म्हणजे एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, तर कॅमेरा कलता होता. हा सगळ्यात सोपा आजार. दोन मिनिटांत बरा होतो.

तिसरी कमान लेन्सची. एकेका सुट्या फोटोतच कडेच्या रेषा बाहेरच्या बाजूला फुगलेल्या असतात. जोडल्यावर लांब कठडा एका सलग कमानीत न वाकता प्रत्येक फोटोपुरता थोडा थोडा वाकतो आणि सांध्यापाशी त्याला बारीक कोपरा येतो. फोनच्या मुख्य लेन्समध्ये हा दोष सहसा फोन स्वतःच काढून टाकतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या जुन्या किट लेन्समध्ये आणि ॲक्शन कॅमेऱ्यात तो ठळक दिसतो.

चौथी कमान प्रोजेक्शनची, म्हणजे गोल दृश्य सपाट चित्रावर बसवण्याच्या पद्धतीची, आणि चाळीच्या फोटोत दहातल्या नऊ वेळा गुन्हेगार हीच असते. तुम्ही पारदर्शक प्लास्टिकच्या गोल पिंपात मधोमध उभे आहात असं समजा. समोरची चाळ जशी दिसते तशी पिंपाच्या आतल्या बाजूवर गिरवली, मग पिंप एका बाजूला उभं कापून सपाट पसरलं. झाला सिलिंड्रिकल पॅनोरमा. फोन हाच बनवतो. आता हिशेब बघा. भिंत तुमच्या बरोबर समोर १० मीटरवर असेल, तर ६० अंश डावीकडे वळून दिसणारा तिचा भाग २० मीटरवर असतो. अंतर दुप्पट, म्हणून तिथला मजला निम्म्या उंचीचा दिसतो. मध्ये पूर्ण उंची, टोकांना निम्मी: कठडे टोकांना उतरणारच, आणि ओटा टोकांना वर येणारच. फक्त डोळ्यांच्या पातळीवरची आडवी रेषा सरळ राहते, आणि सगळ्या उभ्या रेषा सरळ राहतात. इथे फोनचं किंवा लेन्सचं काहीच चुकलेलं नाही. गोल पाहिलेलं सपाट करताना काहीतरी वाकणार किंवा ताणलं जाणार हे ठरलेलंच आहे. काय सरळ राहावं, एवढं ठरवणं आपल्या हातात.

सरावासाठी एशियाटिक लायब्ररीसारखी जागा नाही. १८३३ सालची ही टाउन हॉलची इमारत: समोर ३० पायऱ्यांच्या आडव्या रेषा, वर डोरिक खांबांच्या उभ्या रेषा, आणि पाठ फिरवली की हॉर्निमन सर्कलची खरी वळणं. वाकलेलं काय आणि मुळातच वळलेलं काय, हे डोळ्याला तिथे पटकन कळू लागतं. रविवारी सकाळी लवकर जा, नाहीतर पायऱ्यांवर माणसंच माणसं असतात.

फोटो काढताना

फोनचा पॅनोरमा मोड बाजूला ठेवा आणि सुटे फोटो काढा. फोन उभा धरा, झूम एकपटच ठेवा, ०.५ वाल्या अतिरुंद लेन्सचा मोह टाळा, तिच्या कडा फोनने आधीच ओढूनताणून सरळ केलेल्या असतात आणि हगिनचं गणित त्यावर अडखळतं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा तरी यायला हवा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर सावलीतली खोली आणि उन्हातलं अंगण यांच्या सांध्यावर पट्टा दिसेल.

फोन क्षितिजाच्या पातळीत ठेवा. वरचे मजले मावत नसतील तर ही रांग तशीच पातळीत पूर्ण करा, आणि मग फोन वर रोखून दुसरी रांग काढा. हगिन रांगांवर रांगा जोडतं.

आणि फिरताना फोन जागचा हलू देऊ नका. आपली सवय अशी की हात लांब करून आपण स्वतःभोवती फिरतो. मग फोन मोठ्या वर्तुळात सरकतो आणि जवळचा खांब मागच्या दरवाज्याच्या तुलनेत प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसतो. त्याला पॅरलॅक्स म्हणतात, आणि तो झाला की कुठलंही सॉफ्टवेअर सांधा नीट जुळवू शकत नाही. फोन एका जागी टांगलाय असं समजून स्वतः त्याच्याभोवती फिरा. ट्रायपॉड असला तर उत्तम, पण मुंबईत सार्वजनिक जागी तो उघडला की कुणीतरी शिट्टी वाजवत येतंच. हाताने काढलेलेही पुष्कळदा चालून जातात, जवळ काही नसेल तर.

फोटो फोनमधून लॅपटॉपवर केबलनेच घ्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवले की त्यांतली एक्झिफ नोंद, म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ वगैरे माहिती, गळून पडते. हगिनला ती लागते. पाठवायचेच झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जोडणी

हगिन उघडलं की साधी खिडकी येते. 'ॲसिस्टंट' टॅबमध्ये तीन बटणं आहेत. पहिल्या 'लोड इमेजेस'ने सगळे फोटो घ्या, दुसरं 'अलाइन' दाबा आणि थांबा. हगिन शेजारच्या फोटोंतल्या सारख्या खुणा शोधतं. खिडकीचा कोपरा, वायरची गाठ, पत्र्याचा खिळा, काहीही. या जोड्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. काम झालं की ते सरासरी चूक किती पिक्सेल हे सांगतं आणि 'गुड फिट', 'व्हेरी गुड फिट' असा शेराही देतं. चूक दोन-तीन पिक्सेलच्या आत असेल तर पुढे जा. दहाच्या वर असेल तर बहुधा एखादी खुण चालत्या माणसावर किंवा हलत्या झाडावर बसली आहे.

तिसरं बटण 'क्रिएट पॅनोरमा' इतक्यात दाबू नका. आत्ताच 'फाइल' मेनूतून प्रोजेक्ट सेव्ह करा. पुढचे सगळे बदल या छोट्या पीटीओ फाइलमध्ये राहतात, मूळ फोटोंना हात लागत नाही, आणि उद्या वेगळं प्रोजेक्शन करून बघायचं झालं तर पुन्हा जोडावं लागत नाही.

मग वरच्या 'इंटरफेस' मेनूत 'ॲडव्हान्स्ड' निवडा. दोन खिडक्या दिसतील: एक झटपट पूर्वदृश्याची, दुसरी संपादनाची. घाबरू नका, यातल्या चार-पाच गोष्टीच आपल्या कामाच्या आहेत.

क्षितिज

पूर्वदृश्याच्या खिडकीत 'मूव्ह ड्रॅग' टॅबवर जा. तिथलं 'स्ट्रेटन' बटण एकदा दाबून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच क्षितिज जागेवर येतं. नाही आलं, तर माउसने समुद्राची रेषा मधोमध धरा आणि चित्राच्या मध्यरेषेवर ओढा. मध्ये डोंगर असेल तर खाली, वाटी असेल तर वर. रेषा नागमोडी असेल तर उजवं बटण दाबून चित्र किंचित फिरवा. हात थरथरत असेल तर तिथेच 'पिच' (वर-खाली) आणि 'रोल' (कलणं) यांचे रकाने आहेत. अर्धा अंश, पाव अंश असे आकडे भरून 'अप्लाय' करा.

समुद्र दिसत नसेल तर उभ्या रेषांचा आधार घ्या. संपादनाच्या खिडकीत 'कंट्रोल पॉइंट्स' टॅब उघडा, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना एकच फोटो निवडा, एका खांबाच्या वरच्या टोकावर डावीकडे आणि खालच्या टोकावर उजवीकडे खूण करा, आणि प्रकार 'व्हर्टिकल लाइन' ठेवा. अशा रेषा एक अगदी डाव्या टोकाच्या फोटोत, एक उजव्या टोकाच्या आणि एक मधल्या फोटोत दिल्या की पुरे. हगिन स्वतःही काही उभ्या रेषा शोधतं, पण त्याला विजेचा तिरका खांबही ओळंब्यातला वाटू शकतो, तेव्हा बघून घ्या. मग 'फोटोज' टॅबमध्ये खाली 'ऑप्टिमाइझ'च्या भागात 'जिओमेट्रिक'समोर 'पोझिशन्स' निवडून 'कॅल्क्युलेट' दाबा.

तिथल्याच 'हॉरिझॉन्टल लाइन'बद्दल मात्र जपून. सिलिंड्रिकल चित्रात ती फक्त खऱ्या क्षितिजावर लावायची. कठड्यावर लावली तर हगिन अशक्य गोष्ट शक्य करायला जातं आणि सगळी जोडणी कलंडते.

प्रोजेक्शन: खरं काम इथे

पूर्वदृश्याच्या 'प्रोजेक्शन' टॅबमध्ये यादी लांबलचक आहे. नवख्याला त्यातली तीन नावं पुरतात.

सपाट दर्शनी भिंतीसाठी 'रेक्टिलिनियर'. यात जगातली प्रत्येक सरळ रेषा चित्रात सरळ राहते, आडवी असो, उभी असो की तिरकी. निवडल्याबरोबर कठडे सुतासारखे सरळ होतात. मग 'मूव्ह ड्रॅग'मध्ये जाऊन, तुम्ही भिंतीला जिथून बरोबर काटकोनात पाहत होतात ती जागा चित्राच्या मध्यावर आणा. तसं नसेल तर कठडे सरळ राहतील, पण एका बाजूला निमुळते होत जातील. जिन्याच्या डावीकडे उभे होतात की उजवीकडे, हे आठवून ठेवलेलं इथे उपयोगी पडतं.

रेक्टिलिनियरची किंमत कडांना मोजावी लागते. ९० अंशांचं दृश्य समजा २ फूट रुंद कागदावर बसलं, तर त्याच प्रमाणात १२० अंशांना साधारण साडेतीन फूट लागतात आणि १५० अंशांना जवळजवळ साडेसात. १८० अंशांना कागद कितीही आणा, पुरणार नाही. १२० अंशांच्या फोटोत टोकाला उभा माणूस त्याच्या उंचीच्या मानाने दुप्पट जाड दिसतो, आणि तिथला तपशील ताणला गेल्याने मऊ पडतो. म्हणून मी १०० अंशांच्या आसपास थांबतो. शेवटच्या खोलीतल्या काकू रुंद झाल्या तर फोटो सरळ आहे की वाकडा याची चर्चा मागे पडते.

त्याहून रुंद हवं असेल तर 'पॅनिनी'. अठराव्या शतकात रोममधल्या भव्य वास्तूंची अंतर्दृश्यं रंगवणाऱ्या जोव्हानी पाओलो पॅनिनी या चित्रकाराचं नाव याला दिलं आहे. यात उभ्या रेषा सरळ राहतात आणि चित्राच्या मध्यातून बाहेर पसरणाऱ्या रेषाही सरळ राहतात. समोरून आडव्या जाणाऱ्या रेषा मात्र थोड्या वाकतात. त्यामुळे डी. एन. रोडवर मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंच्या कमानी घेतल्यात, किंवा गॅलरीच्या एका टोकाला उभं राहून सगळी गॅलरी आत पळत जाताना घेतलीत, तर पॅनिनी फार देखणा दिसतो. समोरासमोर सपाट भिंत असेल तर नको. यादीत 'जनरल पॅनिनी' असंही असतं. त्यात दाब कमी-जास्त करता येतो: शून्यावर तो रेक्टिलिनियरच असतो आणि १०० वर मूळ पॅनिनी. मधले आकडे फिरवून बघा. वरच्या आणि खालच्या आडव्या रेषा वेगवेगळ्या सरळ करण्यासाठीही त्यात दोन आकडे आहेत. छप्पर वाकतंय पण फरशी ठीक आहे, अशा वेळी फक्त वरचा हलवायचा.

'सिलिंड्रिकल' समुद्रासाठी. चौपाटी, टेकडीवरून दिसणारं शहर, मैदान, जिथे लांब आडव्या सरळ रेषा जवळ नाहीत, तिथे काहीच ताणलं जात नाही आणि क्षितिज सरळ राहतं. शिवाजी पार्कचा पॅनोरमा रेक्टिलिनियर करण्यात काही हशील नाही.

लेन्सचा दोष उरलाच तर

सांध्यापाशी कोपरे दिसत असतील तर 'फोटोज' टॅबमध्ये 'जिओमेट्रिक'समोर 'पोझिशन्स, व्ह्यू अँड बॅरल' निवडून पुन्हा 'कॅल्क्युलेट' करा. हगिन फोटोंच्या जागांबरोबर लेन्सचा दृश्यकोन आणि फुगवटाही शोधून काढतं. सरासरी चूक कमी झाली तर ठेवा, वाढली किंवा दृश्यकोनाचा आकडा विचित्र आला तर 'अनडू'. कंट्रोल पॉइंट फोटोच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील तर हा हिशेब फसतो. सांध्याच्या पट्ट्यात वर, मध्ये आणि खाली असे पसरलेले हवेत. 'एव्हरीथिंग' नावाचा पर्याय दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. थोड्या फोटोंवर तो लेन्सला नसलेले रोग चिकटवतो.

फोनने आधीच जोडलेला पॅनोरमा

चाळ पाडून झाली आहे आणि हातात फोनचा तो एकच लांबट फोटो आहे, असंही होतं. तोही बऱ्यापैकी सरळ होतो. फोटो गिंपमध्ये उघडा आणि 'एक्झिफ डेटा' ठेवण्याची खूण काढून नव्याने एक्स्पोर्ट करा. आता हा एकटाच फोटो हगिनमध्ये घातला की फोकल लेंग्थ सापडत नाही म्हणून हगिन स्वतःच लेन्सबद्दल विचारतं. लेन्सचा प्रकार 'पॅनोरमिक सिलिंड्रिकल' निवडा आणि आडवा दृश्यकोन अंदाजाने भरा. एका खांद्याच्या रेषेपासून दुसऱ्यापर्यंत फिरला असाल तर १८०, त्याच्या दोन तृतीयांश असाल तर १२०. जोडायला काही नाही, तेव्हा 'अलाइन' लागत नाही. प्रोजेक्शन रेक्टिलिनियर करा आणि कठड्याकडे बघा. मूळची कमान थोडी उरली असेल तर भरलेला कोन कमी पडला. रेषा उलट्या बाजूला वाकली तर जास्त झाला. फोटोवर उजवं बटण दाबून 'एडिट इमेज व्हेरिएबल्स'मध्ये कोनाचा आकडा बदलत जा. दृश्य फारच रुंद असेल तर पूर्वदृश्याच्या कडेच्या पट्ट्यांनी ते १०० ते १२० अंशांवर आणा, किंवा एकाच फोटोतून डाव्या आणि उजव्या भागाची दोन चित्रं काढा.

फोन फिरवताना वर रोखलेला असेल तर ही युक्ती पूर्ण लागू पडत नाही. थोडी कमान राहते.

शेवटचा हात

'क्रॉप' टॅबमध्ये काळ्या कडा टाळून चौकट आखा. संपादनाच्या खिडकीतल्या 'स्टिचर' टॅबमध्ये 'कॅल्क्युलेट ऑप्टिमल साइझ' दाबा. लॅपटॉप जुना असेल तर आलेल्या रुंदीचा आकडा निम्मा करा, नाहीतर जोडणी अर्ध्यावर अडकेल. एकच माणूस दोनदा आला असेल तर 'मास्क्स' टॅबमध्ये एका फोटोत त्याच्याभोवती रेघ ओढून त्याला वगळा. मग 'स्टिच'.

तयार टिफ फाइल गिंपमध्ये उघडा. एखादा कठडा केसभर उतरलेला दिसला तर 'वॉर्प ट्रान्सफॉर्म'चा मोठा, मऊ ब्रश घेऊन हलकेच ढकला. आधी मार्गदर्शक रेषा टाका, नजरेवर विसंबू नका. मात्र जुनी लाकडी गॅलरी काही ठिकाणी खरोखरच झोळ खाल्लेली असते. तो झोळ तसाच राहू द्या.

छापायचा असेल तर टिफ जपून ठेवा. चाळीच्या ग्रुपवर टाकायला ३,००० पिक्सेल रुंदीची जेपेग पुरते, आणि तीही डॉक्युमेंट म्हणून टाकलीत तर कोणत्या खोलीच्या दारावर कोणतं तोरण होतं हे मोठं करून बघता येईल.